दोरीवरची सलाईन

माघातली जया एकादशी, २० फेब्रुवारी २०२४. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाणा गावात हरिनाम सप्ताहाची सांगता होती. रात्री दहाच्या सुमारास फराळाचा प्रसाद वाटला गेला. उपवास असल्याने भगर आणि शेंगदाण्याची आमटी. पंगतीला सोमठाण्याबरोबर खापरखेडचीही माणसं होती. थोड्याच वेळात कुणाच्या पोटात कळ उठली, कुणाला मळमळायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. मिळेल त्या वाहनाने माणसं बिबीच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघाली.

सरकारी मापाने ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा. रात्रपाळीला सहसा एक वैद्यकीय अधिकारी, दोन-तीन परिचारिका, एखादा कक्षसेवक. तिथे माणसं शेकड्यांनी आली. बातम्यांमध्ये आकडा दोनशेपासून पाचशेपर्यंत फिरत राहिला. खाटा भरल्या, मग माणसं बाहेर आवारात आणि रस्त्याच्या कडेला आडवी झाली. झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. ती छायाचित्रं दुसऱ्या दिवशी देशभर पोचली. सगळ्यांची प्रकृती स्थिर असल्याचं जिल्हाधिकारी डॉ. किरण पाटील यांनी सांगितलं, बहुतेक जण घरी परतले, प्रसादाचे नमुने तपासणीला गेले आणि बातमी मागे पडली.

दोरीवर लटकलेल्या बाटल्या पाहून तेव्हा आरोग्यखात्यावर पुष्कळ टीका झाली. मला त्या दोरीबद्दल आदर वाटतो. सलाईनची बाटली रुग्णाच्या हातापेक्षा दोन-तीन फूट उंच असली की थेंब पडत राहतात. त्यासाठी स्टँडच पाहिजे असं नाही. खिळा चालतो, खिडकीचा गज चालतो, दोरीही चालते. ज्याला त्या घाईत दोरी सुचली त्याने माणसांचा जीव सांभाळला. पण एखाद्या तालुक्याची तयारी कुणाला तरी ऐनवेळी दोरी सुचण्यावर अवलंबून असावी का, हा प्रश्न उरतोच. आणि तो एकट्या बिबीचा नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या दारात एका रात्रीत तीनशे माणसं आली तर काय होईल, याचं उत्तर त्या झाडांखाली सगळ्यांना दिसलं.

थोडा हिशेब मांडून पाहू. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी गंभीर प्रमाणात गेलेल्या मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलीटर द्रव शिरेतून द्यावा लागतो. त्यातला ३० मिलिलीटर पहिल्या अर्ध्या तासात, उरलेला पुढच्या अडीच तासांत. पन्नास किलोच्या माणसाला पाच लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या. तीनशेतले साठ जण असे गंभीर धरले तर पहाटेपर्यंत सहाशे बाटल्या पाहिजेत, साठ जणांच्या हाताला सुया पाहिजेत, आणि साठ हातांमधली शीर शोधणारी माणसं पाहिजेत. पाणी गेलेल्या माणसाची शीर सापडत नाही. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, आजूबाजूला नातेवाइकांचा गलका चालू असताना तर नाहीच. दोन-तीन परिचारिकांचं हे काम नव्हे. त्या पहिल्या पाच रुग्णांत अडकतात आणि सहावा, जो खरोखर बेशुद्धीकडे चालला आहे, तो झाडाखाली तसाच राहू शकतो.

उरलेल्या दोनशे चाळीस जणांचं काय? त्यांतल्या बहुतेकांना सलाईन लागतच नाही. ज्याला गिळता येतं, जो शुद्धीवर आहे, त्याला घोटघोट ओआरएस पाजलं की पुरतं, उलट्या होत असल्या तरी. पण आपल्याकडे सलाईन लावली म्हणजे उपचार झाला, पाकीट हातात दिलं म्हणजे बोळवण केली, असं लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. डॉक्टरही गर्दीपुढे हा वाद घालत बसत नाहीत. परिणामी सुया, बाटल्या आणि परिचारिकांचे हात ज्यांना गरज आहे त्यांच्यात आणि ज्यांना नाही त्यांच्यात सारखेच वाटले जातात.

याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच देशात सापडलं आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. इस्पितळात पाय ठेवायला जागा नव्हती, सलाईनचा साठा संपत चालला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. आईने मुलाला पाजायचं, भावाने बहिणीला. तोवर अशा छावण्यांमध्ये तीस टक्क्यांच्या घरात जाणारा मृत्युदर तिथे चार टक्क्यांच्या खाली आला. महालनबीस २०२२ मध्ये गेले. मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्यांचं नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. बनगावला खाटा वाढल्या नव्हत्या, डॉक्टर वाढले नव्हते. गर्दीची विभागणी झाली, आणि नातेवाईक अडथळा ठरण्याऐवजी कामाला लागले.

मोठी साथ आली की काय करायचं, याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या छावणीत आहे. साथीत सगळं गाव उचलून दवाखान्यात नेता येत नाही; दवाखाना उचलून गावात न्यावा लागतो. सोमठाण्यात सप्त्याचा मांडव उभा होता, माणसं एका जागी होती, पाण्याच्या टाक्या होत्या, स्वयंसेवक होते. एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि ओआरएसची खोकी पहिल्या तासात तिथे पोचली असती तर बिबीला फक्त गंभीर रुग्ण गेले असते. मग तीस खाटाही पुरल्या असत्या. आपली आपत्कालीन सेवा मात्र नेमकी उलट्या दिशेने बांधलेली आहे.

ती कशी बांधलेली आहे ते पाहा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ मूलभूत. प्रत्येक गाडीत डॉक्टर, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस. फोन पुण्याला औंधच्या नियंत्रण कक्षात लागतो, तिथून जवळची गाडी सुटते. शहरात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचायचं, असं उद्दिष्ट. या सेवेने आपल्या जिल्ह्यात किती बाळंतिणी, किती सर्पदंश, किती हृदयविकाराचे झटके वेळेत दवाखान्यात नेले हे ज्याच्या घरी तसा प्रसंग आला त्यालाच कळतं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर मेहकर ते देऊळगाव राजा पट्ट्यात या गाड्यांचं काम आणखी वाढलं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला बस पेटून २५ माणसं गेली, तो दिवस जिल्हा विसरलेला नाही.

पण या रचनेचा पाया एक फोन, एक रुग्ण, एक गाडी असा आहे. एकाच गावातून दोन तासांत उलट्यांचे आठ फोन आले तर त्यांचे आठ कॉल नोंदले जातात, आठ गाड्या शोधल्या जातात. हे आठ कॉल मिळून एक साथ आहे, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात यायला हवं? माझ्या मते नियंत्रण कक्षाच्या. एका गावातून ठरावीक वेळात सारख्या लक्षणांचे तीन फोन आले की त्याच क्षणी जिल्हा साथरोग अधिकाऱ्याचा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा मोबाइल वाजला पाहिजे. तंत्राच्या दृष्टीने यात अवघड काहीच नाही. गावाचं नाव आणि लक्षण दोन्ही फोन घेताना नोंदलं जातंच. रुग्ण वाहणारी सेवा आणि रोग मोजणारी सेवा यांची एकमेकींशी रोजची बोलाचाल असावी, एवढंच मागणं आहे.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्याची गरज अधिक, कारण इथे रुग्ण एका दिशेने जात नाहीत. साडेनऊ हजार चौरस किलोमीटरहून मोठा, १३ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत जवळपास २६ लाख लोकवस्तीचा हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने मधोमध कापला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मुख्यालय घाटावर, रेल्वे घाटाखाली. ‘पुढं न्या’ असं डॉक्टरांनी सांगितलं की शेगाव-खामगावचा माणूस अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळतो, बुलढाणा-चिखलीचा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे, देऊळगाव राजाचा जालन्याकडे. एकाच जिल्ह्यातली एकच साथ तीन जिल्ह्यांच्या वहीत विभागली जाते. सातपुड्याच्या पायथ्याची गावं आणखी लांब पडतात. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदी-नाल्यांना पूर येऊन गावांचा संपर्क तुटला. अशा दिवशी १०८ ला ३० मिनिटांचं उद्दिष्ट सांगून उपयोग नसतो. आणि गॅस्ट्रो नेमका अशाच दिवसांत येतो, कारण पुराचं पाणी विहिरीत उतरलेलं असतं.

कोरोनाने ही सगळी भूगोलाची गाठ एकदम आवळली. जिल्ह्यातला पहिला मृत्यू २८ मार्च २०२० चा. राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या मृत्यूंपैकी तो एक. तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला, कारण नमुना तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या नागपूरला गेला होता. तोवर तो माणूस एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवला गेला होता, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला आपण कशाला सामोरे गेलो हे मागाहून कळलं. त्याआधी त्याच मार्चमध्ये होळीच्या सुमाराची सैलानी दर्ग्याची यात्रा प्रशासनाने रद्द केली होती. त्या वेळी जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता आणि निर्णय अनेकांना अतिरेकी वाटला. लाखोंची गर्दी, राज्याबाहेरून येणारी माणसं, मिळेल तिथे मुक्काम: ती यात्रा भरली असती तर एप्रिल कसा गेला असता याची कल्पना करवत नाही. आपत्कालीन सेवेवरचा सगळ्यांत मोठा भार त्या एका सहीने टळला, असं मी मानतो.

मग फेब्रुवारी २०२१. दुसऱ्या लाटेची पहिली झळ राज्यात अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा या आपल्याच पट्ट्याला लागली. मुंबई-पुण्याचे आकडे तेव्हा उतरणीला होते. अमरावतीत २२ फेब्रुवारीला टाळेबंदी लागली, आपल्याकडेही निर्बंध आले. आणि एप्रिलमध्ये ‘बेड आहे का’ या तीन शब्दांनी जिल्ह्यातले सगळे मोबाइल भरून गेले. त्या दिवसांत १०८ च्या गाड्या रस्त्यावर होत्या, पण दारात गाडी उभी राहिली तरी ती कुठे न्यायची हे ठरत नसे. पीपीई किट घालून, बाहेर पारा चाळिशीपार असताना, चालक आणि डॉक्टर रुग्णासह एका रुग्णालयाच्या फाटकावरून दुसऱ्याच्या फाटकावर जात राहिले. आदल्या वर्षी आपण टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या गाडीतल्या माणसाला संसर्ग झाला तर त्याच्या जागी उद्या कोण बसणार, ही तजवीज क्वचित कुणी केली असेल.

कॅनडातल्या टोरांटोने २००३ मध्ये सार्सच्या वेळी याचा धडा घेतला. तिथल्या रुग्णवाहिका सेवेतल्या चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना विलगीकरणात ठेवावं लागलं. म्हणजे रुग्ण वाढत असतानाच सेवेचे हात कमी झाले. शिवाय रोग पसरला तो मुख्यतः रुग्णालयांमधून, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेल्या रुग्णांनी तो पुढे नेला. तेव्हा तिथे एक केंद्र उघडलं गेलं: कुठलाही रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवायचा तर आधी त्या केंद्राची परवानगी. आपल्याजवळ केरळचं उदाहरण आहे. २०१८ मध्ये निपाहचा पहिला रुग्ण पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातून कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेला गेला आणि तिथल्या व्हरांड्यात थांबलेल्या लोकांना लागण झाली. पेरांब्राची परिचारिका लिनी पुथुसेरी गेली.

हे वाचताना आपला ‘रेफर’ आठवतो. आपल्याकडे रेफर म्हणजे चिठ्ठीवर एक ओळ आणि सुटका. रुग्णाबरोबर काय आजार चालला आहे, समोरच्याला फोन केला आहे का, तिथे खाट आहे का, वाटेत गाडीतल्या डॉक्टरने तोंडाला काय बांधायचं, यातलं बहुतेक त्या ओळीत नसतं. अपघाताच्या रुग्णाला त्याने उशीर होतो. साथीच्या रुग्णाबाबतीत ती चिठ्ठी रोगाला नव्या गावाचा पत्ता देते. तापाचा आणि श्वासाचा प्रत्येक रेफर फोन करूनच व्हावा, आणि तो फोन जिल्ह्याच्या एकाच टेबलावरून जावा. याला पैसे लागत नाहीत.

आतापर्यंत मी त्या साथींबद्दल लिहिलं ज्यांत गाडी धावते. आपल्या जिल्ह्याने अलीकडे अशी एक साथ पाहिली, जिच्यात रुग्णवाहिकेचा काडीचा उपयोग नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा भागातल्या लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस राठ व्हायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुलं, कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसं, कुणी सुटलं नाही. अनेकांनी मुंडण करून टाकलं. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बातमी फुटली तेव्हा ‘टक्कल व्हायरस’ असं तिचं बारसं झालं, आणि त्या गावांतल्या मुलामुलींच्या सोयरिकी अडल्या, बाहेरची माणसं त्यांच्या शेजारी बसेनाशी झाली. शेवटी १८ गावांत २७९ रुग्ण मोजले गेले.

पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो स्वाभाविक होता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा; इथलं बोअरचं पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या आजाराने संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावची किती घरं बसली हे इथे कुणाला सांगायला नको. पाण्यात नायट्रेटचं प्रमाण जास्त निघालं. पण ते पाणी तर लोक वर्षानुवर्षं पीत होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली, रक्त, केस, माती, धान्य असे नमुने गेले. विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले, स्वतः गावांत येऊन नमुने घेऊन गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: रेशनवर आलेल्या पंजाबकडच्या गव्हात सेलेनियम बेसुमार, रुग्णांच्या शरीरातही सेलेनियम जास्त आणि जस्त कमी. एप्रिलमध्ये याच भागातल्या काहींची नखं गळू लागली.

या प्रकरणात एक गोष्ट चांगली झाली. आरोग्य पथकं गावात गेली, घरोघर सर्वेक्षण झालं, लोकांना कुठे यावं लागलं नाही. दवाखाना गावात नेणं आपल्या यंत्रणेला जमतं, हे इथेच दिसलं. जी गोष्ट बरी झाली नाही ती वेळेची. साथीच्या तयारीसाठी जगभर आता ७-१-७ असं एक माप वापरतात: साथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ओळखायची, एका दिवसात वर कळवायची, पुढच्या सात दिवसांत पहिली कारवाई पुरी करायची. शेगावला पहिला सातच हुकला. केस गळणं हा एकात्मिक साथरोग सर्वेक्षणाच्या नेहमीच्या यादीतला आजार नाही. ताप, जुलाब, कावीळ यांच्यासाठी रकाने आहेत. पण ‘गावात काहीतरी विचित्र घडतंय’ एवढं लिहायलाही एक रकाना असतो, आणि तो भरण्याइतका आत्मविश्वास खालच्या माणसाला कुणी दिला पाहिजे. हे कारण धान्यात होतं आणि त्याने जीव गेला नाही. तेच एखाद्या कीटकनाशकाने दूषित झालेलं धान्य असतं तर? नवा ताप असता तर? जानेवारी २०२५ मध्येच पुण्यात गुइलेन-बॅरेचे रुग्ण वाढू लागले होते. तिथे मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर, इथे बोंडगाव.

तो खालचा माणूस बहुतेक वेळा बाई असते. उपकेंद्राची आरोग्यसेविका आणि गावची आशा स्वयंसेविका. कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, कुणाचं पोर शाळेत आलं नाही, हे आशेला डॉक्टरच्या आधी कळतं. आणि ज्या फेब्रुवारीत सोमठाण्याचा प्रसंग घडला त्याच फेब्रुवारीत राज्यभरातल्या आशा मानधनवाढीच्या शासन निर्णयासाठी संपावर होत्या, मुंबईच्या आझाद मैदानावर बसून होत्या. साथीची पहिली घंटा जिच्या हातात आहे तिचे पैसे अडवून ठेवायचे आणि मग कोटींच्या गाड्या विकत घ्यायच्या, हे मला पटत नाही.

तिच्याइतकाच दुर्लक्षित दुसरा माणूस ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. त्याच्या कामाकडे जरा जवळून पाहावं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं पंचायतीच्या कोपऱ्यात असतं. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो, आणि वीस टक्क्यांखाली गेलेली पावडर टाकून पाणी शुद्ध होत नाही, फक्त वास येतो. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, अर्धा तास थांबायचं. मग गावाच्या शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर ठीक. रंग आला नाही तर त्या दिवशी त्या नळाखालचं प्रत्येक घर धोक्यात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथमुक्त राहिलं तर चंदेरी. ही पद्धत चांगली आहे. लाल कार्डाची पंचायत आणि सगळ्यांत जवळची १०८ गाडी यांची सांगड कुठल्या कागदावर घातलेली असली पाहिजे, एवढंच तिच्यात वाढवावं.

पाणी चुकलं की काय होतं हे सातपुड्याच्याच रांगेत, आपल्यापासून फार लांब नाही, जुलै २०२२ मध्ये दिसलं. मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी ही गावं. वीजबिल थकल्याने वीज तोडली, त्यामुळे नळ बंद पडले, लोक उघड्या विहिरीकडे वळले, कॉलरा आला आणि माणसं दगावली. 

आता पुन्हा पंगतीकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्याचा तो नेमका ठिसूळ भाग आहे आणि नेमकी ताकदही. शेगावची वारी, सैलानी, गावोगावचे सप्ते, भंडारे. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद लाखोंच्या पंगतीला ट्रॅक्टरमधून वाटला जातो. तिथे स्वयंसेवकांच्या रांगा, पाण्याची व्यवस्था, वाढप्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. शेगावच्या संस्थानात सेवेकऱ्यांची शिस्त ज्याने पाहिली त्याला वेगळं सांगायला नको. एवढं सगळं ज्या जिल्ह्याला जमतं, त्याला तीनशे माणसांना मांडवातच ओआरएस पाजणं जमणार नाही?

भगरीची गोष्ट घ्या. भगर हवेतली ओल पटकन ओढते. ओलीत ॲस्परजिलससारखी बुरशी वाढते आणि तिच्यापासून विषारी द्रव्यं तयार होतात. अन्न व औषध प्रशासन उपवासांच्या दिवसांत वारंवार सांगतं: सुटी भगर घेऊ नका, जुनी वापरू नका, पीठ करून साठवू नका, शिजवलेली फार वेळ ठेवू नका. सप्त्याच्या समितीला हे कुणी समक्ष सांगायला हवं, पत्रक पाठवून नाही. प्रत्येक मोठ्या पंगतीतला पावशेर पदार्थ झाकून थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा, म्हणजे काही घडलं तर तपासणीला खरा नमुना मिळतो. मांडवात ओआरएसचं एक खोकं असावं. उलटी झालेला पहिला माणूस दिसला की वाढप थांबवून आरोग्य केंद्राला फोन करायचा, लाजायचं नाही. बाहेर बोभाटा होईल म्हणून तासभर लपवलं जातं, आणि तोच तास महाग पडतो.

वरच्या पातळीवर जिल्ह्याचे दिवस पूर्वीपेक्षा बरे आहेत. बुलढाण्याला १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांसह त्याचं उद्घाटनही झालं. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव जून २०२४ पासून केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री आहेत. पहिल्या तुकडीतले डॉक्टर बाहेर पडायला साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष लागेल. पण महाविद्यालयाबरोबर सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा येते, सामुदायिक वैद्यकाचा विभाग येतो, आणि या दोघांना तुकडी बाहेर पडेपर्यंत थांबायचं कारण नाही. घाटाखालच्या गावातला जुलाबाचा नमुना, तापाचं रक्त, संशयित धान्य जिल्ह्यातल्या जिल्ह्यात त्याच दिवशी तपासलं गेलं पाहिजे. बावस्करांसारखा एखादा डॉक्टर शेकडो किलोमीटरवरून स्वतःच्या कळकळीने येईल, यावर जिल्ह्याने विसंबून राहू नये. आणि जो नवा विद्यार्थी इथे शिकेल त्याला पहिल्याच वर्षी रात्री अकरा वाजता तीनशे रुग्णांचा सराव करायला लावावा: कुणाला लाल फीत, कुणाला पिवळी, कुणाला नुसता पेला. बिबी, लोणार, जळगाव जामोद, अशा ठिकाणी जाऊन, तिथल्याच परिचारिकांबरोबर.

 कार्तिकी एकादशीनंतर गावोगाव सप्त्यांच्या तारखा धरल्या जातात, कीर्तनकार ठरतात, आचारी सांगितला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आपल्या हद्दीतल्या तारखा विचारून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहून घ्याव्यात, समितीच्या दोघांचे मोबाइल नंबर शेजारी टाकावेत, आणि त्या गावच्या आशेला एकदा मांडवात नेऊन आणावं. माघातल्या एकादशीपर्यंत हे होऊ शकतं.